जपानहून घरी पार्सल पाठवताय? खोकं भरण्याआधी एवढं वाचा

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जपानला आलेल्या मराठी माणसावर घरी काहीतरी पाठवायची वेळ लवकरच येते. आईला माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पावडरीचा, डबा हवा असतो, भाचीला रंगपेट्या हव्या असतात, श्रावणात भावाला राखी जायला हवी असते. पोस्ट ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ असतं, खिडकीवरची माणसं मनापासून मदत करतात, आणि तरीही पार्सल मुंबईत जाऊन अडकतं. अडकतं तेव्हा चूक बहुतेक वेळा कागदात असते. वस्तूंची यादी मोघम असते, पार्सलवरचं नाव आधार कार्डाशी जुळत नाही, किंवा घरच्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. खोकं छान बांधलं म्हणून ही अडचण सुटत नाही. म्हणून या लेखात बांधणीपेक्षा यादी, पत्ता आणि घरच्यांची तयारी यांवर जास्त लिहिलं आहे.

कोणत्या मार्गाने पाठवायचं

जपान पोस्टच्या कार्यालयाची खूण सोपी आहे: वर दोन आडव्या रेघा आणि त्याखाली एक उभी, लाल रंगात. जपानीत पोस्टाला ‘युबिनक्योकु’ म्हणतात. कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, जपानमधल्या जपानात पार्सल पाठवता येतं. परदेशी पार्सल मात्र तिथे देता येत नाही, ते पोस्टाच्या खिडकीवर द्यावं लागतं (ईएमएस घरून नेण्याचीही सोय आहे, ती पुढे येईल). ऑफिसमुळे दिवसा जमत नसेल तर मोठ्या पोस्टातली ‘युयु मादोगुची’ ही खिडकी शोधा. ती नेहमीच्या वेळेनंतरही उघडी असते.

पोस्टाचे मुख्य पर्याय असे. सगळ्यांत वेगवान ईएमएस, म्हणजे एक्स्प्रेस मेल सर्व्हिस. त्यात 30 किलोपर्यंत वजन जातं, दीड मीटरपर्यंत लांबी चालते, आणि लांबी व घेर मिळून 3 मीटरच्या आत असावं लागतं. माग शेवटपर्यंत दिसतो आणि 20,000 येनपर्यंतची नुकसानभरपाई मूळ शुल्कातच धरलेली असते. सामान जास्त किमतीचं असेल तर थोडे पैसे भरून ही मर्यादा वाढवता येते. दुसरा पर्याय विमानाने जाणारं साधं पार्सल. तिसरा समुद्रमार्गे जाणारं पार्सल, जे स्वस्त पडतं, पण पोहोचायला दोन-तीन महिने धरावे लागतात. चौथा म्हणजे छोटं पाकीट, ज्याला पोस्टात स्मॉल पॅकेट म्हणतात. त्याचं वजन 2 किलोच्या आत, लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज 90 सेंटीमीटरच्या आत आणि सर्वांत लांब बाजू 60 सेंटीमीटरच्या आत हवी. एखादं पुस्तक, दोन टी-शर्ट, चहाची पाकिटं एवढंच असेल तर हे उत्तम. मात्र ते रजिस्टर करून पाठवा, नाहीतर माग मिळत नाही.

कोणत्या देशाला कोणती सेवा सध्या चालू आहे हे बदलत राहतं. जपान पोस्टच्या इंग्रजी संकेतस्थळावर देशवार तक्ता आहे. भारताची ओळ पाहिल्याशिवाय खोकं भरायला घेऊ नका. वजनाची मर्यादा आणि बॅटरी चालते का, हेही तिथेच दिलेलं असतं.

खासगी कुरिअरचा विचार करत असाल तर त्यांची वजन मोजण्याची रीत आधी समजून घ्या. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं, ही रूढ पद्धत. समजा खोकं 40 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरचं आहे आणि त्यात हलकं पण फुगीर जपानी पांघरूण आहे. खरं वजन 3 किलो भरतं, पण 36,000 भागिले 5000 म्हणजे 7.2 किलोचे पैसे लागतात. ईएमएसमध्ये खरं वजनच धरतात. म्हणून हलकं-फुगीर सामान ईएमएसने पाठवावं. दस्तऐवज किंवा छोटी जड वस्तू असेल आणि तारीख सांभाळायची असेल, तर कुरिअरचा दर विचारून पाहायला हरकत नाही.

ईएमएसचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. 2 किलोच्या पुढे अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे आहेत आणि 6 किलोनंतर एकेका किलोचे. म्हणजे 2 किलो 50 ग्रॅम भरलं तरी पैसे अडीच किलोचे. घरच्या काट्यावर एकदा तोलून बघा. टप्प्याच्या जरा वर जात असेल तर एक पाकीट काढा, किंवा उरलेल्या जागेत आणखी काही भरा.

काय पाठवायचं नाही

इथे दोन चाळण्या आहेत: जपानहून विमानाने काय जाऊ शकत नाही, आणि भारतात काय येऊ शकत नाही.

पहिल्या चाळणीत घरातल्या रोजच्या कितीतरी वस्तू अडकतात. अत्तर, नेलपॉलिश, केसांचा किंवा घामाचा स्प्रे, लायटर, काडेपेटी, यांतलं काहीही चालत नाही. पॉवर बँक अजिबात नाही. लिथियम बॅटरी उपकरणात बसवलेली असेल तरच विचार होतो, तोही त्या देशाने परवानगी दिली असेल तर आणि ठरलेल्या संख्येतच. सुटी बॅटरी टाकू नका. 24 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय विमानाने जात नाही, आणि त्याहून सौम्य साकेही भारतात पाठवायच्या भानगडीत पडू नका. रोख पैसे पाकिटात घालून पाठवायची सवय असेल तर ती सोडा. पैशांसाठी बँक आहे.

दुसरी चाळणी भारताची. ई-सिगारेटवर भारतात 2019 पासून कायद्याने बंदी आहे आणि जपानमध्ये सर्रास दिसणारी तंबाखू तापवायची यंत्रंही त्याच कायद्यात येतात. काकांनी हौसेने मागितलं तरी नाही म्हणा. ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून निर्बंध आहेत, म्हणून दुकानात खेळण्यांच्या रांगेत ठेवलेला छोटा ड्रोनही घेऊ नका. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे आणायला मनाई आहे. मुलांसाठी पृथ्वीगोल किंवा नकाशाचं कोडं घेताना काश्मीरचा भाग आधी बघून घ्या. बिया, रोपं, माती पाठवू नका. वापरलेले कपडे गठ्ठ्याने पाठवू नका, कारण जुन्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि त्यावरून विचारणा होऊ शकते.

खाण्याच्या पदार्थांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. जपानी झटपट नूडल्स, चिप्स, सूपच्या पुड्या, अगदी काही बिस्किटांतही डुकराच्या मांसाचा अर्क, माशांचा दाशी (सूपचा अर्क) किंवा जिलेटिन असतं. समोरच्या चित्रात फक्त मका दिसतो. घरी शाकाहारी माणसं असतील तर हा त्यांच्या विश्वासाचा प्रश्न आहे, आणि मांसाचा अंश असलेले पदार्थ भारताच्या कस्टममध्येही अडचण करू शकतात. फोनमधल्या अनुवादाच्या ॲपने मागची घटकांची यादी वाचून घ्या. ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘ग्यु’ म्हणजे गाय-बैल, ‘तोरी’ म्हणजे कोंबडी, ‘साकाना’ म्हणजे मासा. हे चार शब्द पाठ असलेले बरे. मुदतीची तारीखही बघा. जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. ताज्या मोचीसारख्या मिठाईला काही दिवसांचीच मुदत असते, ती पाठवण्यात अर्थ नाही. चहा, सुके सेनबेई (तांदळाची कुरकुरीत बिस्किटं), कँडी, चॉकलेट हे टिकतं. पण चॉकलेट एप्रिल-मेमध्ये पाठवलं तर नागपुरात ते चॉकलेट राहत नाही.

लेबल: सगळं आधी फोनवर

हाताने लेबल भरून वस्तू पाठवायचे दिवस गेले. आता वस्तूंची माहिती विमान उडण्याआधी इलेक्ट्रॉनिक रूपात समोरच्या देशाला जावी लागते, म्हणून लेबल जपान पोस्टच्या ‘इंटरनॅशनल मेल माय पेज’ या सेवेवरच बनवावं लागतं. खातं मोफत आहे आणि भाषा इंग्रजी निवडता येते. एकदा स्वतःचा पत्ता आणि घरच्यांचे पत्ते भरून ठेवले की पुढच्या वेळी निवडायचं काम उरतं.

घरी प्रिंटर असेल तर ए-फोर कागदावर छापा. नसेल तर दोन मार्ग आहेत. कोन्बिनीतल्या यंत्रावर पीडीएफ छापून घेता येते. किंवा फोनवर लेबल तयार करून मिळालेला कोड पोस्टातल्या ‘युप्रि टच’ या यंत्राला दाखवायचा, की लेबल तिथेच छापून निघतं. हे यंत्र सगळ्या लहान पोस्टांत असतंच असं नाही, म्हणून आधी बघून जा. लेबल घालायची पारदर्शक पिशवी खिडकीवर फुकट मिळते. सही करायच्या जागा विसरू नका.

यादी लिहिणं हे खरं काम

माय पेजवर प्रत्येक वस्तूचं नाव, संख्या, वजन आणि किंमत विचारतात. बहुतेक लोक हे घाईत उरकतात आणि पार्सलची रखडपट्टी इथूनच सुरू होते.

‘गिफ्ट’, ‘फूड’, ‘कॉस्मेटिक्स’, ‘क्लोद्स’, ‘पर्सनल आयटम्स’ असे शब्द लिहू नका. कस्टमच्या अधिकाऱ्याला त्यावरून काहीच कळत नाही आणि ज्यात काही कळत नाही ते खोकं उघडावं लागतं. त्याऐवजी ‘मुलींचा सुती शर्ट, 2 नग’, ‘हिरव्या चहाची पावडर, 30 ग्रॅमचा डबा, 3 नग’, ‘मेणाचे खडू, 24 चा संच, 1’ असं इंग्रजीत लिहा. एका ओळीत एकाच प्रकारची वस्तू. पाच प्रकारच्या पाकिटांसाठी पाच ओळी झाल्या तर होऊ द्या. एचएस कोडची, म्हणजे वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकाची, जागा असते. तो शोधून टाकला तर वर्गीकरणात मदत होते, आणि माय पेजवर त्यासाठी शोध दिलेला आहे.

किंमत खरी लिहा. ‘कमी लिही, कस्टम लागणार नाही’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. खोटी घोषणा हा गुन्हा आहे, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की पार्सल हरवलं किंवा फुटलं तर भरपाई तुम्ही लिहिलेल्या किमतीच्या आधारेच मिळते. 18,000 येनचा चहाचा संच 2,000 येनचा म्हणून लिहिला असेल तर फुटल्यावर 2,000 च्या पुढे काही बोलता येत नाही. दुकानाच्या पावत्या जपून ठेवा. तिकडून किमतीचा पुरावा मागितला तर फोटो पाठवता येतो. एका पार्सलात 2 लाख येनपेक्षा जास्त किमतीचं सामान जात असेल तर जपानच्या बाजूनेच निर्यात-घोषणेची वेगळी प्रक्रिया लागते, ती पोस्टात विचारून घ्या.

‘गिफ्ट’च्या खुणेचा अर्थ

फॉर्मवर ‘गिफ्ट’ अशी चौकट असते आणि बरेच जण समजतात की तिथे खूण केली की कस्टम माफ. पूर्वी भारतात 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तू शुल्काशिवाय येत होत्या. पण सरकारने 12 डिसेंबर 2019 च्या अधिसूचनेने टपाल आणि कुरिअरमधून भेटवस्तू म्हणून करमाफीने येणारं सामान बंद केलं. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधं आणि राखी. अधिसूचनेत राखीपुढे स्पष्ट म्हटलं आहे की राखीसोबतच्या भेटवस्तू यात धरल्या जाणार नाहीत. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू आणायला अर्थातच मोकळीक आहे.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. भावाला राखी पाठवायची तर ती एकटीच पाकिटात घाला. सोबत एक पत्र हवं तर असू द्या. चॉकलेटचा डबा किंवा घड्याळ त्याच पाकिटात कोंबलं, तर राखीसुद्धा त्या डब्यापायी थांबून राहते आणि पौर्णिमा उलटून जाते. भेटवस्तू वेगळ्या पार्सलात पाठवा, त्यावर शुल्क लागेल असं धरून चाला आणि ते घरच्यांना आधीच सांगा. शुल्क भारतात घेणाऱ्याला भरावं लागतं. टपालाने आलेल्या पार्सलवर कस्टमने आकारलेली रक्कम पोस्टमन पार्सल देताना घेतो, किंवा पोस्टात जाऊन भरून पार्सल सोडवावं लागतं. आईच्या हाती पोस्टमन अचानक बिल ठेवतो आणि ‘मुलाने भेट पाठवली, तिचे पैसे मी का भरू?’ या विचाराने ती पार्सल परत पाठवते, असं घडलेलं आहे. एक फोन आधी केला असता तर ते टळलं असतं.

नाव, पत्ता आणि पिन

पार्सलवर नाव लिहा ते आधार कार्डावरचं. आपल्याकडे घरचं नाव एक, कागदावरचं दुसरं, हे इतकं सवयीचं आहे की लिहिताना लक्षात येत नाही. ‘अण्णा’, ‘बाळासाहेब’, ‘ताई’ ही नावं पत्रात शोभतात, पार्सलवर नाही. कुरिअरने पाठवत असाल तर याला जास्तच महत्त्व आहे. भारतात कुरिअरचं पार्सल कस्टममधून सोडवायला घेणाऱ्याची ओळखपत्रं लागतात आणि त्यावरचं नाव पार्सलवरच्या नावाशी जुळावं लागतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बहिणीला पाठवताना तर विचारूनच लिहा.

पत्ता रोमन अक्षरांत, सर्वांत खाली ठळक ‘इंडिया’, आणि +91 सकट चालू मोबाइल नंबर. ‘मारुती मंदिराच्या मागे’, ‘जुन्या एसटी स्टँडसमोर’ अशा खुणा गावाकडच्या पोस्टमनला खरोखर उपयोगी असतात, म्हणून माय पेजवर जागा असेल तर घाला. लेबलवर बसत नसतील तर खोक्याच्या दुसऱ्या बाजूला संपूर्ण पत्ता देवनागरीत मोठ्या अक्षरांत चिकटवा. लेबल मात्र झाकू नका. आत सामानाच्या वरती एक चिठ्ठी ठेवा, त्यावर दोन्ही पत्ते आणि दोन्ही फोन नंबर असू द्यात. लेबल फाटलं तरी खोक्याला मालक उरतो.

पिन कोड सहाच्या सहा आकडे तपासून लिहा. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल-वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन त्या पोस्टाचे. 400 म्हणजे मुंबई, 411 पुणे, 415 सातारा, 416 कोल्हापूर, 403 गोवा. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाली आणि ती आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतचे जाणकार. एकाच नावाची गावं आपल्या राज्यात शेकड्याने आहेत. वडगाव, पिंपळगाव, शिरसगाव घ्या, पिन चुकला की पार्सल भलत्याच तालुक्यात जातं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव अशी नावं बदललेल्या जिल्ह्यांतही जुनं लिहा की नवं, यापेक्षा पिन बरोबर असणं महत्त्वाचं.

स्वतःचा जपानमधला पत्ता लिहिताना इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक गाळू नका. शक्य असेल तर तुमच्या पत्रपेटीवर नावाची पट्टी लावा. परत आलेलं पार्सल घेऊन आलेला पोस्टमन दारावर किंवा पेटीवर नाव नसेल तर बऱ्याचदा ‘या पत्त्यावर असं कुणी नाही’ म्हणून निघून जातो.

खोकं

खोकं नवंच विकत घ्यायला हवं असं नाही. सुपरमार्केटच्या दाराशी रिकामी पुठ्ठ्याची खोकी ठेवलेली असतात, विचारून घेऊन जा. पण दारू, डिटर्जंट किंवा बॅटरी यांचं चित्र किंवा धोक्याची खूण असलेलं खोकं घेऊ नका, किंवा ते सगळं कागदाने पूर्ण झाका. आत शर्ट असले तरी बाहेरच्या खुणेवरून पार्सल अडवलं जाऊ शकतं. बुडबुड्यांचं प्लास्टिक (त्याला इथे ‘पुचि पुचि’ म्हणतात) आणि रुंद कापडी चिकटपट्टी शंभर येनच्या दुकानात मिळते. कागदी पट्टीपेक्षा कापडी बरी.

चिनी मातीची भांडी पाठवायची तर प्रत्येक कप आतून चुरगाळलेल्या वर्तमानपत्राने भरा, मग बाहेरून दोन वेढे पुचि पुचि द्या आणि कप आडवे न ठेवता काठावर उभे ठेवा. दोन भांड्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. खोक्याच्या तळाशी आणि वर चार बोटं जाडीचा कागद हवा. बंद केलेलं खोकं कानाजवळ धरून हलवा. काहीतरी सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. सोया सॉससारखं पातळ काही पाठवायचंच असेल तर झाकणावर पट्टी, मग झिपची पिशवी, मग दुसरी झिपची पिशवी. मी स्वतः पातळ पदार्थ टाळतो, कारण एक बाटली फुटली की सगळे कपडे जातात.

जून ते सप्टेंबर या काळात पोहोचणाऱ्या पार्सलात आधी मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरा, सामान तिच्यात भरा आणि तोंड घट्ट बांधा. कोकण आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पुठ्ठा ओलसर होऊन खचतो. समुद्रमार्गे पाठवत असाल तर वर्षभर हे करा.

खिडकीवर

ईएमएससाठी घरी येऊन नेण्याचीही सोय आहे, पण पहिल्या वेळी पोस्टात गेलेलं बरं, म्हणजे शंका तिथेच फिटतात. खिडकीवर एवढं म्हणालात तरी पुरतं: ‘इंदो मादे, ईएमएस दे ओनेगाई शिमासु’, म्हणजे भारतासाठी, ईएमएसने पाठवायचं आहे. मग कर्मचारी आत काय आहे ते विचारतो आणि धोकादायक वस्तूंचा चित्रांचा तक्ता पुढे करतो. त्यावर बोट ठेवत तो ‘देन्चि’, म्हणजे बॅटरी, ‘कोसुइ’, म्हणजे अत्तर, ‘सुपुरे’, म्हणजे स्प्रे, असं एकेक विचारतो. काही नसेल तर ‘हाइत्ते इमासेन’ म्हणा. हा प्रश्न औपचारिक म्हणून झटकू नका. एखाद्या खेळण्यात किंवा घड्याळात बॅटरी असेल तर तिथेच सांगा, म्हणजे चालेल की नाही ते लगेच कळेल. नंतर तपासणीत सापडलं तर पार्सल परत येतं.

पैसे रोखीने, कार्डाने किंवा फोनवरून देता येतात. पावतीची प्रत नीट जपा, आणि घरी येताच तिचा फोटो काढून ठेवा. चौकशीसाठी हीच पावती लागते.

माग आणि मुंबईचा थांबा

पावतीवरचा क्रमांक 13 अक्षरांचा असतो: सुरुवातीला दोन रोमन अक्षरं, मग आठ आकडे, एक पडताळणीचा आकडा, आणि शेवटी ‘जेपी’. पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर ईएमएस, ‘सी’ असेल तर पार्सल, ‘आर’ असेल तर रजिस्टर टपाल. जगभरच्या टपालखात्यांचा हा सामाईक नियम असल्यामुळे जपानचा क्रमांक भारतीय टपालाच्या संकेतस्थळावरही चालतो. पार्सल भारतात उतरलं की तिथला माग जास्त तपशील दाखवतो, म्हणून घरच्यांना हाच क्रमांक पाठवा.

‘डिस्पॅच फ्रॉम आउटवर्ड ऑफिस ऑफ एक्स्चेंज’ म्हणजे पार्सल जपानच्या आंतरराष्ट्रीय टपालकेंद्रातून निघालं. ‘अरायव्हल ॲट इनवर्ड ऑफिस’ म्हणजे भारतात पोहोचलं. मग ‘इम्पोर्ट कस्टम्स क्लिअरन्स’ हा टप्पा येतो आणि सर्वांत जास्त वेळ इथेच जाऊ शकतो. महाराष्ट्राकडे जाणारं पार्सल बहुधा मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमध्ये थांबतं. तिथून काही कागद हवे असतील तर घेणाऱ्याला कळवलं जातं. म्हणून मोबाइल नंबर चालू असणं आणि घरच्यांनी पोस्टाचं पत्र आलं तर ते बाजूला न ठेवणं महत्त्वाचं. चार-पाच दिवस एकाच टप्प्यावर माग थांबलेला दिसला तर घाबरू नका. दोन आठवडे उलटले तर जपानच्या पोस्टात जाऊन चौकशीचा अर्ज द्या. त्याला ‘चोसा सेइक्यु’ म्हणतात आणि तो पाठवणाऱ्यानेच द्यायचा असतो, भारतातून घरच्यांनी नाही. या अर्जाला मुदत असते, तेव्हा महिनोन्‌महिने वाट पाहत बसू नका.

घरच्यांना सांगायचं

पार्सल निघालं की घरच्यांना एक संदेश पाठवा. त्यात माग क्रमांक, आतल्या वस्तूंची यादी, अंदाजे किंमत, आणि शुल्क द्यावं लागू शकतं हे लिहा. खोकं फाटलेलं आलं तर सही करण्याआधी पोस्टमनसमोर फोटो काढा आणि खोकं फेकू नका, हेही सांगा. भरपाईसाठी ते बघायला मागतात.

त्याच संदेशात फसवणुकीबद्दल लिहा, आणि हे मी कळकळीने सांगतो. ‘तुमचा पत्ता अपुरा आहे, चोवीस तासांत या लिंकवर दुरुस्त करा’ असे टपाल खात्याच्या नावाने संदेश येतात, लिंक उघडली की थोडेसे पैसे भरायला सांगतात आणि कार्डाची माहिती घेतात. त्याहून वाईट म्हणजे नामांकित कुरिअर कंपनीच्या नावाने येणारा फोन: ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, आता पोलिसांशी बोला.’ मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, घराबाहेर जाऊ नका, कुणाला सांगू नका म्हणतो, आणि पैसे ‘पडताळणीसाठी’ दुसऱ्या खात्यात टाकायला लावतो. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा आईवडिलांवर हा डाव सहज चालतो, कारण त्यांना खरंच एखादं पार्सल येणार असतं. त्यांना एवढंच सांगून ठेवा: पोलीस फोनवर अटक करत नाहीत, पार्सलबद्दल काहीही ऐकलं तर आधी मला फोन करायचा, आणि फसवणूक झाली तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करायची.

परत आलं तर कुठे येणार?

माय पेजवर एक प्रश्न लोक न वाचता पुढे ढकलतात: पार्सल पोहोचलं नाही तर काय करायचं? परत पाठवायचं की टाकून द्यायचं? परतीचा खर्च पाठवणाऱ्यावर पडू शकतो, म्हणून सामानाची किंमत आणि परतीचं भाडं यांची तुलना करून ठरवा. स्वस्त पुस्तकं आणि कपडे असतील तर टाकून देणं निवडलेलं बरं. आजीची पैठणी दुरुस्त करून परत पाठवत असाल तर अर्थातच परतीचा पर्याय.

ज्यांचा व्हिसा संपत आला आहे आणि जे कायमचे परतताना खोकी समुद्रमार्गे पाठवून देतात, त्यांनी याचा आधीच विचार करावा. खोकं तीन महिन्यांनी परत आलं तर तोवर तुम्ही जपानमध्ये नसाल आणि घराची किल्लीही घरमालकाकडे गेलेली असेल. पोस्टात ‘तेन्क्यो तोदोके’ भरून पत्ताबदल कळवला की वर्षभर टपाल नव्या पत्त्यावर जातं, पण तो नवा पत्ता जपानमधलाच हवा, परदेशी पत्त्यावर ते पुढे पाठवत नाहीत. अशा वेळी जपानमध्ये राहणाऱ्या एखाद्या विश्वासू मित्राला विचारून त्याचा पत्ता तेन्क्यो तोदोकेमध्ये द्या आणि परतीचं भाडं आगाऊ त्याच्या हाती ठेवा. असा मित्र नसेल तर प्रत्येक खोक्यावर ‘टाकून द्या’ हाच पर्याय निवडा, आणि ज्या वस्तू गमावायच्या नाहीत त्या विमानात स्वतःच्या सामानातून घेऊन जा.